न तोललेल्या बगॅसचा हिशेब

कोपरगाव तालुक्यात कोळपेवाडी आणि सहजानंदनगर इथे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. त्यांच्याही आधी, १९३२ च्या साखर संरक्षण कायद्यानंतरच्या काळात, करमशी जेठाभाई सोमय्या यांच्या गोदावरी शुगर मिल्सने साकरवाडी आणि लक्ष्मीवाडीला कारखाने उभारले. अशा कारखान्याच्या बॉयलरला एका हंगामात किती जळण लागले, याचे थेट उत्तर दप्तरात मिळत नाही. ऊस काट्यावर तोलतात, साखरेची पोती मोजतात. बगॅस, म्हणजे रस काढल्यावर उरणारा उसाचा चोथा, मात्र मिलमधून निघून सरळ भट्टीकडे जातो. अहवालात त्याचा आकडा असतो, पण तो मांडणीतून काढलेला असतो.

म्हणून आधी कागदांची पारख करावी लागते. सर्वांत भरवशाचा कागद वजनकाट्याचा, कारण त्यावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात आणि दोन्ही बाजू तो तपासतात. त्यानंतर प्रयोगशाळेची रोजची नोंदवही येते. मिलवर सोडलेले पाणी आणि निघालेला मिश्र रस तिच्यात सापडतो. ऊस आणि पाणी यांच्या बेरजेतून रस वजा केला की बगॅस उरतो. नमुन्यादाखल, १०० टन उसावर ३० टन पाणी सोडले आणि १०१ टन रस आला, तर बगॅस २९ टन. पाण्याची नोंद एका टनाने चुकली, तर बगॅसही टनाने चुकतो.

पडताळा तंतूंवरून घेता येतो, कारण उसातले तंतू बगॅसमध्येच जातात. उसात १४ टक्के आणि बगॅसमध्ये ४८ टक्के तंतू असतील, तर बगॅस २९.२ टन येतो. पण इथे सावध राहायला हवे. अनेक प्रयोगशाळांत उसातील तंतूंचा आकडा बगॅसवरूनच काढला जातो. तसे असेल, तर दोन आकड्यांचा मेळ हा पुरावा ठरत नाही. एकच आकडा दोनदा मोजलेला असतो.

निघालेल्या बगॅसमध्ये सुरुवातीची शिल्लक मिळवून विक्री, गाळणीसाठी वापरलेला बारीक भुसा आणि अखेरची शिल्लक वजा केली की जळालेला बगॅस कळतो. विकलेला बगॅस फाटकावर तोलला जातो, म्हणून ती नोंद मोलाची.

शेवटची कसोटी वाफेची. ५० टक्के ओलाव्याचा एक किलो बगॅस सुमारे २.२ किलो वाफ देतो. १०० टन उसाला ४५ टन वाफ लागली, तर साडेवीस टन बगॅस जळतो आणि साडेआठ टन उरतो. जुन्या बॉयलरने किलोमागे १.८ किलोच वाफ दिली आणि गरज ५५ टनांची असली, तर साडेतीस टन लागतात. म्हणजे २९ टन पुरत नाहीत. अशा हंगामाच्या खरेदीवहीत जळाऊ लाकूड दिसायला हवे. बॉयलरच्या नोंदणीत तापणारे क्षेत्रफळ आणि दाब लिहिलेला असतो. त्यावरून वाफेची कमाल मर्यादा ठरते. आपला आकडा तिच्यापलीकडे गेला, तर मांडणीत चूक आहे.

हा हिशेब सभासदाच्या हिताचा आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊसदर कायद्याने साखरेबरोबर बगॅस, मळी आणि प्रेसमडच्या उत्पन्नातही ऊस उत्पादकाचा वाटा मानला. बगॅसचा आकडा चुकला, तर तो वाटाही चुकतो. कारखान्यांनी प्रयोगशाळेच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नयेत, आणि सभासदांनी वार्षिक सभेत त्या पाहायला मागाव्यात.