म्हैसूरला पाठवायची तबकडी

आमच्या बोम्मसंद्र्याच्या टूलरूममधली निम्मी पोरं 'टायटॅनिक' आला तेव्हा जन्मलीही नव्हती. तरी त्या सिनेमात मागं शब्दांविना गाणारा बाईचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. कुणाचा म्हणून विचारलं तर सेलिन डियॉन, असं ठोकून देतात. शेवटचं गाणं तिचं खरं. पण तो मुका, आलापासारखा आवाज सिसेल किर्केब्यो या नॉर्वेच्या गायिकेचा. बर्गेन शहरात १९६९ साली जन्मलेली. पुढं 'माय हार्ट' हा तिचा अल्बम आला. असल्या अल्बमना क्लासिकल क्रॉसओव्हर म्हणतात: ऑपेराचं शिक्षण, सिनेमाची चाल, लोकगीताचा साधेपणा, सगळं एकाच गळ्यात. उत्तर युरोपच्या टोकाची बाई जगभर पोचली, याचं लोकांना भारी अप्रूप.

मला त्या अप्रुपात एक खोट दिसते. पोचणाऱ्याचं नाव होतं, ऐकणाऱ्याचं होत नाही. नॉर्वेच्याच आणखी एका गायिकेची गोष्ट मला ठाऊक आहे. तिच्या एका मैफलीचा महत्त्वाचा श्रोता सभागृहात नव्हताच. तो इकडं म्हैसूरला होता. आमचं बोम्मसंद्रा त्या वेळी म्हैसूर राज्याच्या आनेकल तालुक्यातलं एक खेडं.

गायिका कर्स्टन फ्लागस्टाड, जन्म १८९५. वाग्नरचे ऑपेरे गाण्यात तिच्या तोडीची दुसरी नव्हती. जर्मन संगीतकार रिचर्ड श्ट्राउसनं १९४८ साली, चौऱ्याऐंशीच्या घरात असताना, सोप्रानो आवाज आणि वाद्यवृंदासाठी चार गीतं रचली. तीन कविता हेर्मान हेसच्या, एक आयशेनडॉर्फची. ती पहिल्यांदा फ्लागस्टाडनं गावीत अशी त्याची इच्छा होती. सप्टेंबर १९४९ मध्ये म्हातारा गेला. गीतं ऐकली गेली २२ मे १९५० ला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. फिलहार्मोनिया वाद्यवृंद, संचालक विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर. आणि पैशांची हमी ४,८०० डॉलर, देणारे म्हैसूरचे महाराज जयचामराज वडियार.

त्या वेळच्या भावानं हे तेवीस हजार रुपयांच्या आसपास होतात. मी हिशेबी माणूस, म्हणून करून पाहिलं. हमीमागं हेतू असा की प्रयोग तर व्हावाच, शिवाय त्याचं ध्वनिमुद्रण होऊन तबकड्या म्हैसूरला याव्यात. महाराजांच्या संग्रहात तेव्हा वीसेक हजार तबकड्या होत्या.

हे महाराज म्हणजे हौसेखातर ग्रामोफोन फिरवणारे संस्थानिक नव्हेत. जन्म १९१९. पियानो शिकलेले, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेज ऑफ म्युझिकचे सन्माननीय फेलो. १९४० साली आधी वडील आणि मग काका, म्हणजे चौथे कृष्णराज वडियार, एकाच वर्षी गेले आणि एकविसाव्या वर्षी गादी अंगावर पडली. निकोलाय मेटनर हा रशियन संगीतकार लंडनमध्ये ओढगस्तीत दिवस काढत होता. महाराजांनी त्याच्या नावानं सोसायटी काढून दिली. म्हाताऱ्यानं स्वतः पियानोवर बसून आपल्या रचना एच.एम.व्ही.साठी ध्वनिमुद्रित केल्या आणि तिसरा पियानो कॉन्चेर्टो महाराजांना अर्पण केला. १९४९ साली फिलहार्मोनियाचा संस्थापक वॉल्टर लेग म्हैसूरला येऊन गेला आणि वर्षाला दहा हजार पौंड, तीन वर्षं, अशी बोली घेऊन परतला. संचालक हर्बर्ट फॉन कारायाननं त्याच वर्षी रशियन संगीतकार बालाकिरेवची पहिली सिंफनी ध्वनिमुद्रित केली, तीही याच पैशांवर. बालाकिरेव तेव्हा लंडनमध्येही फारसा कुणी वाजवत नसे. बाजारात खपणारं दुकानदार देतातच. हा गडी न खपणारं मागत होता.

आणि हेच महाराज कर्नाटक संगीतात कृती रचत. चौऱ्याण्णव कृती, 'श्रीविद्या' या मुद्रेनं. मेटनर आणि कर्नाटकी वाग्गेयकार मुत्तुस्वामी दीक्षितर एकाच घरात नांदत होते. त्यांचे कुणी वेगळे कप्पे केले नव्हते.

मी मूळचा मिरजेचा, त्यामुळं म्हैसूर दरबाराचं हे रूप मला परकं वाटत नाही. आमच्या गावात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं दर्ग्यात दरवर्षी गाणं होतं. खाँसाहेब कैरान्याचे, राहिले मिरजेत आणि महाराजांच्या काकांच्या वेळेपासून म्हैसूर दरबारात त्यांचं जाणं-येणं. कर्नाटकी सरगमेची चटक त्यांना त्या वाऱ्यांतच लागली असं आमच्याकडं मानतात. त्यांनी त्यागराजांची कृती तबकडीवर गायली आहे, 'मानापमाना'तलं पदही गायलं आहे, आणि त्यांची झिंझोटीतली ठुमरी दुकानात वाजताना ऐकून गदगच्या भीमसेन जोशींनी घर सोडलं, हे सर्वांना माहीत आहे. १९३७ साली दक्षिणेच्या दौऱ्यात पाँडिचेरीच्या वाटेवर, मद्रासजवळच्या सिंगपेरुमाळ कोविल स्टेशनवर त्यांचं निधन झालं. गौहरजान, हिंदुस्थानातल्या पहिल्या ध्वनिमुद्रणांतली गायिका, तिचाही शेवट म्हैसूरलाच झाला, जानेवारी १९३० मध्ये, दरबारी गायिका म्हणून. त्या घराण्याच्या कानाला दूरचं गाणं जवळ घ्यायची सवय आधीपासूनच होती. पुतण्यानं ती लंडनपर्यंत नेली, एवढंच.

पैशांबद्दल मात्र बोलायला हवं. मे १९५० म्हणजे प्रजासत्ताकाला चार महिने झाले होते. महाराज आता राजप्रमुख, आणि तनखा वर्षाला २६ लाख, देशातल्या मोठ्या तनख्यांपैकी एक. त्या तनख्यातून एका परदेशी बाईच्या गाण्याला हमी द्यावी का, असा सवाल कुणी केला तर त्याला मी गप्प बसवणार नाही. माझा आजा मिरज संस्थानात शेतसारा भरायचा. राजाच्या रसिकतेची किंमत कोण मोजतं हे आमच्या घराला शिकवावं लागत नाही. पण हिशेबाच्या दुसऱ्या बाजूलाही काही आहे. ती चार गीतं आज मोठमोठ्या सोप्रानोंच्या मैफलींत असतात. त्यांच्या पहिल्या प्रयोगाला हमी देणारा कानडी मुलखातला असावा, हे मला तरी बरं वाटतं.

तबकड्यांचा आवाज फार वाईट आहे. लॅकरच्या लेपावर कोरलेल्या त्या चकत्या. खरखर इतकी की वाद्यवृंद भिंतीपलीकडं वाजतोय असं वाटतं. फ्लागस्टाड तेव्हा चोपन्न वर्षांची. युद्धकाळात ती जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्वेला नवऱ्याकडं परत गेली होती. युद्धानंतर नवऱ्याला शत्रूशी व्यापार केल्याच्या आरोपाखाली पकडलं, १९४६ साली तो वारला आणि अमेरिकेत तिच्या मैफलींपुढं लोक निदर्शनं करत. त्या खरखरीतही तिचा आवाज भरदार येतो, घाई न करता. हे ध्वनिमुद्रण पुढं सीडीवर आलं. आमच्या पोरांपैकी एकानं हेडफोन लावून पहिलं गीत ऐकलं आणि विचारलं, सर, ही कुठली भाषा? जर्मन म्हणालो. मग त्यानं महाराजांना जर्मन येत होतं का ते विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता दुसरं गीत लावलं.