बधिर मुठीची गोष्ट

मुष्टियुद्ध पाहताना आपले सारे लक्ष ठोसा खाणाऱ्याकडे असते. ठोसा मारणाऱ्याचा हातही दुखत असेल, हे सहसा मनात येत नाही. माणसाच्या एका हातात सत्तावीस हाडे असतात आणि त्यातली बहुतेक बारीक असतात. समोरच्याची कवटी मात्र टणक. म्हणून उघड्या मुठीने लढायचे त्या काळात जाणते मुष्टियोद्धे डोक्यावर जपूनच मारीत. १८६७ साली इंग्लंडात क्वीन्सबरी नियम आले आणि पुढे हातमोजे रूढ झाले. मोजा प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यासाठी असतो, असा आपला समज असतो. खरे तर तो मारणाऱ्याच्या बोटांना अधिक सांभाळतो. तरीही वर्षानुवर्षे मारून हात दुखावतोच आणि मग मोजा चढवण्याआधी सुई येते. या सुईचा इतिहास आज मला सांगायचा आहे. त्याची सुरुवात अमेरिकेत शोधायचे कारण नाही. वेदना मारून माणसाला लढायला लावण्याची रीत आपल्या अगदी जवळ, एका मराठी संस्थानात होती.

ते संस्थान म्हणजे गायकवाडांचे बडोदे. १८६०च्या दशकात लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी खंडेराव महाराजांच्या दरबारात राहिला होता. तिथे त्याने 'नखी की कुस्ती' पाहिली आणि आपल्या प्रवासग्रंथात तिचे वर्णन केले. दोन मल्ल मुठीत शिंगाची नखे बांधून एकमेकांवर तुटून पडत आणि कातडी सोलून निघे. हे मल्ल रिंगणात येत ते भांग आणि अफूचे पेय घेऊन, गात गात. रूसलेने ही नशेची गोष्ट नोंदवून ठेवली, हे त्याचे आपल्यावर उपकारच आहेत. शुद्धीवरचा माणूस पहिल्याच ओरखड्याला मागे सरेल आणि मग बघणाऱ्यांचा खेळ मोडेल. म्हणजे त्या पेल्यातला मोठा वाटा बघणाऱ्यांच्या सोयीचा होता.

अफूची अडचण अशी की ती सगळ्या माणसालाच गुंगवते. फक्त दुखरी जागा तेवढी झोपवायची युक्ती १८८४ साली हाती आली. व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टराने कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर करून दाखवला. विसाव्या शतकाच्या आरंभी नोव्होकेन आले. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफ्ग्रेन यांनी लिडोकेन तयार केले. दाढ काढताना हिरडीत ज्याचे इंजेक्शन घेतो, ते 'झायलोकेन' म्हणजे हेच. या औषधाने वेदना नाहीशी होत नाही. मज्जातंतूतून मेंदूकडे निघालेला निरोप ते वाटेत अडवते, एवढेच. तारवाल्याला झोप लागली म्हणून गावातली आग विझत नाही, तसे हे आहे.

या औषधांनी मानवजातीवर केवढे उपकार केले, हे वेगळे सांगायला नको. पण मुठीच्या बाबतीत शरीराची एक रचना मुष्टियोद्ध्याच्या कामी येते. बोटे मिटणारे मुख्य स्नायू हातात नसतात, ते कोपराखालच्या भागात असतात. त्यामुळे बोटांच्या मुळाशी सुई देऊन सांधे बधिर केले तरी मूठ आवळता येते, ठोसाही मारता येतो. फक्त हाड तडकले तर ते कळत नाही. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. दुखरा हात आपोआप हलका पडतो, बधिर हात पडत नाही. त्या सुईची किंमत मग समोरच्याचे डोकेही मोजते.

आमच्या तरुणपणी औरंगाबादच्या मोहल्ल्यांत मुहम्मद अलीचे चित्र नाही असे दुकान विरळाच. युद्धावर जायला नकार दिला म्हणून त्याला साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर ठेवले गेले. १९७० साली तो परतला तेव्हा त्याचे हात पूर्वीचे राहिले नव्हते. लढतीआधी त्याचे हात बधिर करणारी इंजेक्शने आपण देत होतो, असे त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनीच पुढे सांगितले. आम्ही पोरे त्या ठोशांवर फिदा होतो. पण १९७७ साली अर्नी शेव्हर्सबरोबरच्या लढतीनंतर अलीच्या मूत्रपिंडांचे अहवाल पाहून याच पाचेकोंनी त्याला थांबायला सांगितले. कोणी ऐकेना, तेव्हा ते स्वतःच बाजूला झाले. अली १९८१ पर्यंत लढत राहिला. १९८४ साली त्याला पार्किन्सनचे निदान झाले. हाताची सुई आणि हा आजार यांचा थेट संबंध मी जोडत नाही. पण थांबण्याच्या खुणा एकेक करून दाबत गेल्या की माणूस थांबायच्या जागेपुढे किती निघून जातो, ते अलीच्या आयुष्यात दिसते.

कायदा याबाबत काय म्हणतो? जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी-यादीत स्थानिक भूल देणारी औषधे नाहीत. कॉर्टिसोनसारख्या औषधांची इंजेक्शने २०२२ पासून आणि ट्रॅमाडोल २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंद झाली. व्यावसायिक लढतींवर तिथल्या स्थानिक आयोगांचा अंमल चालतो. २ मे २०१५ रोजी लास वेगासमध्ये मेवेदरविरुद्धच्या लढतीआधी मॅनी पॅकियाओने दुखऱ्या खांद्यासाठी वेदनाशामक इंजेक्शन मागितले. नेवाडाच्या आयोगाने ते नाकारले, कारण दुखापत आधी कळवलेली नव्हती. तो तसाच लढला, हरला, आणि काही दिवसांत त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या रात्री चर्चा रंगली ती कागद वेळेवर दिला की नाही याची. असा खांदा घेऊन माणसाने रिंगणात उतरावे का, हा प्रश्न मागेच पडला.

बधिर हात म्हणजे काय, हे आपल्या महाराष्ट्राला खरे तर कोणी शिकवायला नको. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. कुष्ठरोगाने संवेदना गेलेला हात तापलेले भांडे धरतो आणि भाजल्याचे त्याला कळत नाही. वेल्लोरचे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी अशा असंख्य हातांवर उपचार केले. बोटे झडतात ती रोगाने मांस कुजून नव्हे, तर न कळलेल्या जखमांमुळे, हे त्यांनी दाखवून दिले. वेदना ही देणगी आहे, असे ते म्हणत. ज्या बधिरपणापासून माणसाला वाचवण्यासाठी काही जणांनी उभी हयात घालवली, तोच बधिरपणा दुसरीकडे तासाभरासाठी विकत घेतला जातो!

शल्यचिकित्सकही हात बधिर करतो, हे खरे. पण तो नंतर त्या हाताला पट्टी बांधून झोळीत ठेवतो. फरक इथे आहे. आपल्या तालमींनी हा फरक ओळखला होता. ज्या बडोद्यात नखीची कुस्ती झाली, त्याच बडोद्यात उस्ताद जुम्मादादांचे शिष्य प्राध्यापक माणिकराव यांनी व्यायाममंदिर वाढवले. माणिकराव जसे व्यायामाचे आचार्य, तसेच नावाजलेले हाड बसवणारे. लहानपणी मीही काही महिने तालमीत जात होतो. आमचे उस्ताद मुरगळलेल्या बोटाला हळदीचा लेप लावीत आणि म्हणत, "आठ दिवस मातीत पाय ठेवायचा नाही." लेपाने किती गुण यायचा कोण जाणे, पण त्या आठ दिवसांनी नक्की यायचा.

हा प्रश्न रिंगणापुरता नाही. आमच्या मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारे मजूर कंबर धरली तरी गोळी घेऊन फडात उभे राहतात, कारण खाडा पडला तर पैसे कापले जातात. रिंगण असो की फड, दुखणे एकाचे आणि त्याच्या न थांबण्यातला फायदा बऱ्याचदा दुसऱ्याचा असतो.

आज विद्यापीठाच्या परिसरातल्या क्रीडा केंद्राजवळून पहाटे गेले की धावणारी मुले दिसतात. त्यांतली काही उद्या मोठ्या रिंगणात उतरतील. त्यांच्या आईवडिलांना एवढेच सांगावेसे वाटते: मुलाला कोणी सुई देऊ लागले तर औषधाचे नाव जरूर विचारा, पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा. सुईनंतर विश्रांती किती दिवस? "विश्रांती कशाला, लगेच उतरायचे आहे," असे उत्तर आले, तर ती सुई मुलासाठी नाही असे समजा.