खत, वस्तरा आणि मान

आमच्या घरात ‘खत’ या शब्दाचे दोन अर्थ चालतात. एक टपालाने येणारे. ते आता येत नाही. दुसरे अब्बा दर जुम्याच्या आदल्या दिवशी काढून घेतात ते, म्हणजे दाढीची कड. खत म्हणजे मुळात रेघ, असे मी वर्गात मुलांना सांगते. हस्ताक्षर खत, पत्रही खत. कोवळ्या गालांवर फुटणाऱ्या लवेला उर्दू शायर ‘सब्ज़ा-ए-खत’ म्हणत. हटकून एखादी मुलगी विचारते, “टीचर, शेतात टाकतात ते?”

दाढी राखणाऱ्याला वस्तऱ्याशी काय काम, असे पुष्कळांना वाटते. खरे तर त्याच्या वाट्याला अवघड तेवढेच येते. गाल सपाट, सोपा. जबड्याखालची वळचण, कंठमणी, कानाखाली गळ्याशी फिरलेले केसांचे भोवरे, ही सगळी मान. आणि खत मानेवरच काढायचे असते.

वस्तरा हा फारसी ‘उस्तरा’. हज्जाम अरबी, मूळ अर्थ हिजामा करणारा, तुंबडी लावून रक्त काढणारा. रसूलुल्लाह (स.) यांनी हिजामा करून घेतला, अबू तय्यबा या गुलाम हज्जामाला खजूर दिले आणि त्याच्या मालकांना त्याच्याकडून घ्यायची रक्कम कमी करायला सांगितले, असे हदीसमध्ये आहे. आपल्याकडे येईपर्यंत शब्दाचे काय झाले पाहा. ‘बिनपाण्याने हजामत’ म्हणजे खरडपट्टी! आमच्या मोहल्ल्यांतून मात्र न्हाव्याला अजून ‘खलिफा’ म्हणतात. अब्बांचे खलिफा नाभिक समाजाचे, हिंदू. ते या नावाला ओ देतात.

या हातांचा एक इतिहास ठाण्याशी जोडलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे ठाण्यात जन्मले (१८४८). सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी. रविवारची सुटी १८९० मध्ये त्यांच्या लढ्यातून मिळाली, हे निदान १ मेच्या भाषणांत ऐकू येते. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायचे नाही असे ठरवले, हे कमी ऐकू येते. जिचे डोके भादरायचे तिला कोणी विचारत नव्हते. वस्तरा धरणाऱ्यांनी नकार दिला, स्वतःची मजुरी बुडवून. बाई म्हणून मला हा नकार सुटीहून मोठा वाटतो. (रविवार मात्र न्हाव्यांच्या वाट्याला आलाच नाही. सगळ्यांची सुटी तोच त्यांचा गर्दीचा दिवस, म्हणून आपल्याकडची बरीच सलून सोमवारी बंद.)

पूर्वीचा वस्तरा अखंड पोलादी पात्याचा, शेफील्ड किंवा सोलिंगेनचा असला तर घरचा दागिनाच. दगडावर धार, चामड्याच्या पट्ट्यावर पाणी, आणि तोच वस्तरा गावाच्या सगळ्या मानांवर. जिलेटला बदलत्या पात्यासाठी अमेरिकेत १९०४ मध्ये पेटंट मिळाले, तरी आपल्या न्हाव्याच्या धोकटीत ते पाते शिरायला फार वर्षे लागली. एड्सची माहिती पसरली तेव्हा, नव्वदीत, गिऱ्हाईकच विचारू लागले, “नवीन ब्लेड आहे ना?” ब्लेडचे दोन तुकडे करून अर्धे वस्तऱ्यात बसवायचे आणि काम झाले की टाकायचे. धार लावण्याची विद्या तिथे संपली. मान होती तशीच राहिली.

ते मला २०२० मध्ये कळले. मार्चपासून सलून बंद. जूनमध्ये आमच्या बाळकुमलाच महापालिकेचे हजारावर खाटांचे कोविड रुग्णालय सुरू झाले. २८ जूनला सरकारने सलून उघडायला परवानगी दिली, पण केस कापण्यापुरती. दाढीला मनाई. अब्बांचे हात कापतात. गळ्यावर केस वाढले, आत वळले, पुळ्या आल्या. ते आरशासमोर जायचे टाळू लागले. खलिफांनी मुलाच्या हाती वस्तरा आणि ब्लेडची पुडी पाठवली आणि फोनवर मला शिकवले.

“बाई, घाई नको. गरम पाण्याचा टॉवेल ठेवा. मग बोटं फिरवून बघा, केस कुठं वळलेत. जबड्याखाली ते खाली जातात, गळ्याशी वर येतात. उलटं जायचं नाही. कंठमण्यावरून पातं न्यायचंच नाही. कातडी बाजूला ओढा, तिथले केस सपाटीवर येतील. पातं जवळजवळ निजवून धरा. आणि त्यांना बोलू देऊ नका!”

अब्बांनी डोळे मिटून मान मागे टाकली. कातडी ओढणारा डावा हातच खरे काम करतो, हे मला त्या दिवशी कळले. पाऊण तास लागला. रक्त एकदाच आले, तुरटी फिरवली. अब्बांनी गळ्यावरून हात फिरवला आणि वुजूला उठले.

दाढीची मनाई उठली तसे मी त्यांना खलिफांकडे घेऊन गेले. त्यांनी अब्बांची हनुवटी वर केली, मान उजेडाकडे वळवली आणि डाव्या कानाखाली अंगठा टेकवला.

“हा भोवरा राहिला, बाई.”