सुईची अक्षरे

जीभ छाटलेल्या फिलोमेलाने आपल्यावरील अत्याचार मागावर विणून बहिणीला कळविला, अशी कथा ओव्हिडने सांगितली आहे. १५९४ साली छापल्या गेलेल्या ‘टायटस अँड्रॉनिकस’मध्ये शेक्सपिअर या कथेचा उल्लेख करतो, तेव्हा मागाऐवजी तिच्या हाती ‘सॅम्प्लर’ देतो. नाट्यशास्त्राच्या तासाला हा बदल आपण सहसा ओलांडून पुढे जातो. आम्हांला तो थांबून पाहावासा वाटतो.

सॅम्प्लर म्हणजे भरतकामाचा नमुनापट. उदाहरण या अर्थाच्या ‘एक्झेम्प्लम्’ या लॅटिन शब्दापासून हे नाव आले. छापील नमुन्यांची पुस्तके दुर्मीळ होती तेव्हा आवडलेली नक्षी किंवा नवा टाका कापडाच्या पट्टीवर उतरवून ठेवीत. पट्टी गुंडाळून ठेवीत आणि गरजेनुसार उलगडीत. मुळात ही एक वहीच होय. साल नोंदविलेला सर्वांत जुना ज्ञात ब्रिटिश सॅम्प्लर जेन बॉस्टॉकचा, १५९८चा. तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्यावर नक्षीच्या नमुन्यांबरोबर वर्णमाला आहे, आणि दोन वर्षांपूर्वी जन्मलेल्या ॲलिस ली या मुलीच्या जन्माची नोंदही आहे. नमुन्यांच्या वहीत घरातील एका घटनेची नोंद शिरली, ती अशी.

अठराव्या शतकात या वहीचे प्रमाणपत्र झाले. लांब पट्टी जाऊन चौकोनी कापड आले, त्याला किनार आली, ते चौकटीत बसवून भिंतीवर लागले. भरणाऱ्या मुली बहुधा लहान, कित्येक तर दहा वर्षांच्याही आतल्या. वर्णमालेचा उपयोग व्यवहारी होता: चादरी, रुमाल, अंगावरचे कपडे यांवर मालकाची आद्याक्षरे टाकता यावीत. त्याखाली एखादे बोधपर पद्य, पुष्कळदा आयझॅक वॉट्सच्या १७१५ सालच्या बालगीतांमधले. कित्येक मुलींना वाचायला शिकवीत, पण हाती लेखणी देतच असे नाही. पद्य परक्याचे, वळण गिरविलेले. मुलीचे स्वतःचे असे तळाशी तिचे नाव, वय आणि साल एवढेच. पुढे प्रौढ वयात काही स्त्रियांनी सालातले आकडेही उसवून टाकलेले दिसतात, कारण त्यांवरून वय कळे. संपादन म्हणावे तर हेही संपादनच.

या कापडांचा संग्रह आणि अभ्यास रूढ झाला तो विसाव्या शतकाच्या आरंभापासून. मार्कस ह्यूश यांचा ग्रंथ १९००चा. एथेल बोल्टन आणि ईव्हा को यांनी १९२१ साली अमेरिकेतील अडीच हजारांवर नमुने नोंदवून काढले. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु संग्राहकाची नजर घर, झाडे, पक्षी शोधते. चौकटीत कापडाची पाठ झाकली जाते. उजेड न लागलेले मूळ रंग, गाठी, धाग्याचे वळसे हे सारे पाठीवरच वाचता येते. गरीब शाळांतील मुलींची नुसत्या अक्षरांची किंवा रफूची कापडे सुंदर नव्हती, म्हणून त्यांच्याकडे लक्ष उशिरा गेले. भरतकाम हे स्त्रीला घडविण्याचे साधन होते आणि तिच्या प्रतिकाराचेही, असे रोझिका पार्कर यांनी १९८४ साली ‘द सबव्हर्सिव्ह स्टिच’मध्ये मांडले, तेव्हा कुठे या कापडांकडे पाहण्याची दृष्टी पालटू लागली.

या दृष्टीने पाहावा असा नमुना त्याच संग्रहालयात आहे. ससेक्समधील एलिझाबेथ पार्करने १८३०च्या सुमारास तो भरला. पांढऱ्या लिननवर लाल धागा, फुलीटाका. किनार नाही, फूल नाही, पाठ केलेले पद्य नाही. ओळींमागून ओळी सलग गद्य. आपल्याला लिहिता येत नाही, म्हणून विश्वासाच्या माणसाशी बोलावे तसे साधेपणाने हे मांडते, असे ती आरंभीच म्हणते. मग मजूर बाप, भावंडांनी भरलेले घर, तेराव्या वर्षी धरलेली घरकामाची नोकरी, मालकाची क्रूरता, जीव देण्याचा विचार आणि त्या विचाराच्या पापाची भीती. आपल्या आत्म्याचे काय होणार, या प्रश्नावर मजकूर अर्ध्या ओळीत तुटतो. उरलेले कापड कोरे आहे.

आज्ञाधारकपणा अंगी बाणावा म्हणून शिकविलेल्या टाक्याने तिने आत्मकथन केले. फिलोमेलाच्या हाती शेक्सपिअरने दिलेले साधन इथे एका खऱ्या मुलीने वापरले. एलिझाबेथ त्या विचारातून बाहेर आली. पुढे ती शिक्षिका झाली आणि १८८९ साली, वयाच्या ७६व्या वर्षी वारली. परंतु तिचे लेखन सूचीत वस्त्रांच्या विभागात आहे, आणि आत्मचरित्राचा इतिहास शिकविताना आपण पुस्तकांच्या कपाटापासून सुरुवात करतो. लिहिता येत नाही असे जिने अक्षर न् अक्षर मोजून भरून ठेवले, तिला लेखिका म्हणावयाचे की नाही, हा प्रश्न अभ्यासक्रम ठरविणाऱ्या आपल्यासारख्यांनाच सोडवावा लागेल.