घोड्याचा खुराक, कोल्हापूरचा गूळ आणि घरची चॉकलेट वडी



ऊस आणि सोयाबीन बाजूला ठेवून आज खाण्यावर लिहितोय. आमच्या सूनबाई ओट, कोको आणि गूळ घालून भाजलेल्या वड्या करतात. शहरात त्याला कुकी बार म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर पत्र्याच्या ताटात थापायची, भाजायची आणि सुरीनं कापायची वडी. कृती सोपी आहे, खाली मापासकट देतो. पण त्यातला एकेक जिन्नस कुठनं आला, कुणी पिकवला आणि त्याचा पैसा कुणाच्या पदरात पडला हे बघत गेलो, तर आपल्या धंद्याच्या कामाचा इतिहास हाताला लागला. तो आधी वाचा.

१) ओट : आधी गोठ्यात, मग ताटात

आपल्याकडं ओट म्हणजे चारा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं 'फुले हरिता', 'फुले सुरभी' हे वाण दिले ते वैरणीसाठीच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हेक्टरी १०० किलोच्या हिशेबानं बी पेरायचं, ५०-५५ दिवसांनी पहिली कापणी, मग पाणी आणि नत्र देऊन फुटव्याची दुसरी. त्यामुळं घरात ओटचा पुडा पहिल्यांदा आला तेव्हा "म्हशीची वैरण आता दुकानातनं आणायची काय?" अशी चेष्टा आमच्यात झालीच.

ही चेष्टा फार जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सन या इंग्रज विद्वानानं १७५५ साली मोठा शब्दकोश काढला. त्यात ओटचा अर्थ देताना, इंग्लंडात हे घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं खातात, असा टोमणा मारलाय. मुळात ओट हे गहू आणि जवाच्या रानातलं तण. थंड, ओल्या, हलक्या जमिनीत गहू मार खायचा आणि हे तण जोमात यायचं, म्हणून तिथल्या लोकांनी त्याचंच पीक केलं. आपल्या देशात ते वाढलं इंग्रजांच्या पलटणीतल्या घोड्यांच्या खुराकासाठी.

मग घोड्याचा खुराक माणसाच्या ताटात कसा आला? जर्मनीहून अमेरिकेत गेलेल्या फर्डिनांड शूमाकर नावाच्या किराणा दुकानदारानं १८५० नंतरच्या दशकात ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावात ओटची गिरणी घातली. १८६१ ते १८६५ तिथं यादवी युद्ध चाललं. फौजेची मागणी आली आणि गिरणी चालली. पुढं ओटचं साल काढून, वाफ देऊन, रुळाखाली दाबून चपटे पोहे करायचं तंत्र बसलं. १८७७ साली क्वेकर या नावाची नोंदणी झाली, १९०१ साली त्याच नावाची मोठी कंपनी उभी राहिली. तोवर धान्य पोत्यातनं सुटं विकलं जायचं. यांनी ते पुठ्ठ्याच्या बंद डब्यात भरलं आणि डब्यावरच खाण्याच्या कृती छापल्या. ओटची बिस्किटं अमेरिकेत घराघरात गेली ती या डब्याच्या जोरावर.

त्या वाफेचं महत्त्व आपल्याला बाजरीवरनं कळेल. बाजरीचं पीठ आठ-पंधरा दिवसांत कडवट होतं, कारण दाण्यात तेल असतं आणि दळलं की ते खवट व्हायला लागतं. ओटचं तसंच. वाफ दिली की तेल बिघडवणारी क्रिया थांबते आणि माल महिनोन् महिने टिकतो. म्हंजे शेतात पिकलेलं धान्य तेच राहिलं. साल, वाफ आणि डबा एवढ्या तीन गोष्टींनी घोड्याचा खुराक माणसाचा नाष्टा झाला.

एक सूचना इथंच देतो. चाऱ्याच्या बियाण्याची पिशवी फोडून त्यातला ओट खायला घेऊ नका. त्याचं साल घट्ट असतं, घरच्या उखळात निघत नाही, आणि बियाण्याला औषध चोळलेलं असतं.

२) भट्टी : आपलं तूप, बेकरीवाल्याची मजुरी

आपल्या भागात घरात भट्टी नव्हती. तवा, कढई आणि चुलीतला निखारा एवढंच. भट्टीत भाजायची विद्या किनाऱ्यानं आली. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर पाव आला, सुरतेत डच लोकांच्या बेकरीतनं नानकटाईची रीत पडली असं सांगतात. तिथनं ती गावोगावच्या बेकऱ्यांत पोचली.

माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी आली की रवा, मैदा, पिठीसाखर आणि घरचं तूप पिशवीत घालून बेकरीत जायचं. बेकरीवाला आपल्यासमोर मळून, पत्र्यावर लावून, भाजून द्यायचा. मजुरी किलोवर. पत्र्याचा डबा सायकलच्या कॅरेजला बांधून घरी आणायचा, आणि डबा रिकामा होईस्तोवर पोरं त्याच्याभोवती. माल आपला, मजुरी त्याची. कशात काय पडलं हे घरच्या बाईला ग्रॅमपर्यंत ठाऊक असायचं.

ही रीत हळूहळू मागं पडली. पार्ले कंपनी १९२९ साली मुंबईत निघाली आणि दहाएक वर्षांत बिस्किटात उतरली. डालडा १९३७ साली बाजारात आला. तुपाची जागा वनस्पती तुपानं घेतली, कारण ते स्वस्त पडायचं आणि बिस्किट खुसखुशीत व्हायचं. त्यातल्या ट्रान्स फॅटमुळं हृदयाला धोका होतो हे जगाला उशिरा कळलं. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं त्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली ती २०२२ च्या जानेवारीपासून. मधली सगळी वर्षं पुड्यात काय आहे हे न विचारताच आपण खात होतो.

३) सुकडी : आपली पहिली पौष्टिक वडी

पौष्टिक वडी हे खूळ परदेशातनं आलं असं वाटत असेल तर १९७२ चा दुष्काळ आठवा. आपल्या वारणा-पंचगंगेच्या पट्ट्याला त्याची झळ कमी बसली, पण जत, आटपाडीकडच्या पाहुण्यांना विचारा. खडी फोडायच्या कामावर आणि शाळेत सुकडी वाटत. भाजलेलं पीठ, तेल आणि गोड यांचा तो सुका खाऊ. मूठभर खाल्लं की दोन-तीन तास पोटाला आधार. मिलो आणि सुकडीवर एक पिढी तगली. आज जिममधली पोरं दुकानातली जी वडी खातात तिचं गणित तेच आहे : धान्य, स्निग्ध आणि गोड एकत्र, हातात धरून खाता येईल असं.

४) गूळ : पेठ वसवली म्हणून नाव झालं

वडीत साखरेऐवजी गूळ पडतो, आणि तिथं आपला संबंध येतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली आणि गुळाला हक्काचा बाजार मिळाला. ऊस आणि गुऱ्हाळं त्याच्या आधीही होती. पण पेठ झाली तेव्हा 'कोल्हापुरी गूळ' हे नाव लांब लांब पोचलं. त्या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं २०१४ साली. मधल्या काळात कारखाने आले, ऊस तिकडं वळला आणि आमच्या शिवारातली गुऱ्हाळं एकामागून एक थंड पडली. कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रानं गुळासाठी को ९२००५ सारखा वाण पुढं आणला, रानभेंडीचा रस वापरून मळी काढायची रीत टिकवली, पण गिऱ्हाईक पिवळाधमक रंग मागतंय. त्या रंगासाठी हायड्रोस टाकणारे टाकतात. वडीला तपकिरी, रसायन न घातलेला गूळ घ्या. चव खोल येते आणि कोकोच्या रंगात गुळाचा रंग कुणाला दिसतही नाही.

५) कोको : शेजारच्या शेतकऱ्यांचा धडा

कोकोची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटली. भारतात कोकोची पद्धतशीर लागवड १९६५ नंतर केरळात कॅडबरी कंपनीच्या पुढाकारानं वाढली आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या सुपारीच्या बागांतही पोचली. सावलीतलं आंतरपीक म्हणून शेतकऱ्यांनी झाडं लावली. १९८० च्या आगेमागे जगात दर कोसळले, खरेदीदारांनी हात आखडला आणि बागेत शेंगा पिकून पडल्या. झाड लावलेलं, फळ आलेलं, घेणारा नाही. ही वेळ कुठल्या पिकात आपल्यावर आली नाही?

मंगळूरला १९७३ साली सुपारी उत्पादकांची कॅम्पको ही सहकारी संस्था निघाली होती. तिनं कोको खरेदीत हात घातला. नुसतं बी विकून दर मिळत नाही हे बघून १९८६ साली पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना उभा केला. तो आजही चालू आहे. आपल्या जिल्ह्यानं सहकारात साखर केली, तसं त्यांनी सहकारात चॉकलेट केलं. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठही नारळ-सुपारीत कोकोची शिफारस करतं.

६) आता कृती (१६ वड्या)

ओट २०० ग्रॅम, कणीक ६० ग्रॅम, गुळाची पूड १५० ग्रॅम, साजूक तूप १०० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पूड २५ ग्रॅम, दही ६० ग्रॅम किंवा एक अंडं, भाजलेल्या शेंगदाण्याचा भरड कूट ५० ग्रॅम, काळं चॉकलेट ५० ग्रॅम बारीक चिरून, खायचा सोडा अर्धा चमचा, चिमूटभर मीठ.

ओट कोरडे भाजून गार करा. निम्मे मिक्सरवर जाडसर फिरवा, निम्मे तसेच ठेवा. तूप पातळ करून त्यात गूळ आणि दही घोटून घ्या. कोरडं सगळं एकत्र करून त्यात घाला, शेवटी चॉकलेट. आठ इंची डब्याला तूप लावून मिश्रण थापा. ओव्हन असेल तर १८० अंशाला २० ते २५ मिनिटं. नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकण लावून १० मिनिटं तापवा. मग डबा आत ठेवून मध्यम-मंद आचेवर ३०-३५ मिनिटं. कडा सुटल्या आणि मध्ये किंचित मऊ असलं की काढा. पूर्ण गार झाल्यावरच कापा, गरम कापली तर भुगा होतो. डब्यात चार-पाच दिवस राहते.

कणकेच्या जागी भाजलेल्या नाचणीचं पीठ घातलं तरी चालतं. आमच्यात आता तसंच करतात.

७) पौष्टिक म्हणजे किती?

इथं हिशेब चोख ठेवू. ओटमधल्या बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या चोथ्यामुळं कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानं १९९७ साली पुड्यावर तसं छापायला परवानगी दिली. त्याला दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतं, म्हंजे अंदाजे ७५ ग्रॅम ओट. आपल्या एका वडीत ओट साडेबारा ग्रॅम. तेवढ्यासाठी सहा वड्या खाव्या लागतील आणि त्याबरोबर ५६ ग्रॅम गूळ आणि ३७ ग्रॅम तूप पोटात जाईल. तेव्हा कोलेस्टेरॉलसाठी सकाळी ओटचा उपमा खावा, वडी चहाबरोबर एक. गुळाची ऊर्जाही साखरेइतकीच, त्यामुळं मधुमेह असलेल्यानं गुळाच्या नावावर फसू नये. मैद्याच्या क्रीम बिस्किटापेक्षा ही बरी, एवढाच दावा मी करतो. चोथ्याच्या बाबतीत तर आपली चाळण न लावलेली कणीकही ओटच्या बरोबरीची आहे.

८) मग आपण काय घ्यायचं यातनं?

ओट, गूळ, कोको, तिन्हीकडं नाव आणि दर आला तो शेताच्या बाहेरच्या एका टप्प्यावर. कुठं गिरणी, कुठं पेठ, कुठं कारखाना. ज्याच्या हातात तो टप्पा, त्याच्या हातात दर. फरक एवढाच की ओटमध्ये तो कंपनीकडं गेला, पुत्तूरला शेतकऱ्यांनी स्वतःकडं ठेवला.

आपल्या जिल्ह्यात हा टप्पा नाचणीचा राहिलाय. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, भाषणं झाली. त्या हंगामात, २०२३-२४ ला, नाचणीचा हमीभाव होता क्विंटलला ३,८४६ रुपये, म्हंजे किलोला साडेअडतीसच्या आत. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ओटमध्ये त्याच्या जवळपासही नाही. तरी शहरात ओटचा पुडा पुढं आणि नाचणी मागं. दुकानात नाचणी बिस्किटाचा पुडा उलटा करून बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. पहिला शब्द मैदा असेल तर नाचणी नावालाच आहे.

गावातल्या महिला गटांनी हे करण्यासारखं आहे. नाचणी वरच्या पट्ट्यातली, गूळ आणि शेंगदाणा आपला. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्रानं २०२० साली योजना काढली, तीत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं. सध्याची स्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. विकायचं असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी आधी, वडी नंतर. टिकाऊपणासाठी दही वगळून बघावं लागेल, ओल राहिली की बुरशी येते.

पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडं कुणी नाचणीचे पोहे किंवा लाह्या मशिनवर करून घेतल्या असतील तर किलोला उतारा किती पडला आणि मजुरी काय लागली ते कळवा. पुढची वडी त्याचीच करून बघतो.