‘कामगंध’ ही संज्ञा आणि त्सेत्से माशी

महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांच्या तोंडी ‘कामगंध सापळा’ हा शब्द आता पुरता रुळला आहे. गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगाचा गंध कृत्रिम रीतीने सिद्ध करून त्याने नर पतंगास सापळ्यात ओढावयाचे, ही ती युक्ती होय. शब्द सुबोध आहे खरा. परंतु ज्या परकीय संज्ञेच्या जागी तो योजिला जातो, तीत ‘काम’ही नाही आणि ‘गंध’ही नाही.

१९५९ साली पेटर कार्लसन व मार्टिन ल्यूशर यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात ‘फेरोमोन’ हा शब्द सुचविला. ‘वाहून नेणे’ व ‘चेतविणे’ या अर्थांच्या दोन ग्रीक धातूंपासून तो घडविलेला आहे. तत्पूर्वी १९३२ साली आल्ब्रेश्ट बेथे यांनी ‘एक्टोहॉर्मोन’, म्हणजे बाह्य संप्रेरक, ही संज्ञा योजिली होती. परंतु संप्रेरक हे व्याख्येनेच शरीराच्या आत कार्य करणारे. तेव्हा ‘बाह्य संप्रेरक’ हा वदतोव्याघातच म्हटला पाहिजे. ल्यूशर हे वाळवीचे अभ्यासक. वाळवीत अशी द्रव्ये मुखावाटेही एका कीटकाकडून दुसऱ्याकडे जातात. साहजिकच नव्या संज्ञेत गंधाची अट घातली गेली नाही. मात्र त्याच वर्षी आडोल्फ बुटेनांट यांनी सुमारे ५ लाख रेशीम-पतंगांपासून मादीचे आकर्षक द्रव्य वेगळे काढल्याचे प्रसिद्ध झाले, आणि फेरोमोन म्हणजे मादीचा दूरवर पसरणारा गंध, हे समीकरण रूढ झाले.

आफ्रिकेतील त्सेत्से माशीच्या बाबतीत हे समीकरण टिकले नाही. माणसांत निद्रारोग आणि गुरांत नागाना हा रोग पसरविणाऱ्या या माशीच्या ‘ग्लोसिना मॉर्सिटन्स’ जातीतील मादीच्या त्वचेवरील मेणचट थरातून डेव्हिड कार्लसन, लँगली व ह्यूटन यांनी १९७८ साली काही हायड्रोकार्बने ओळखली. (हे कार्लसन निराळे, रोमन लिपीत दोघांच्या आडनावांचे आद्याक्षर भिन्न असल्याने घोटाळा होत नाही, देवनागरीत होतो.) त्यांतील प्रमुख द्रव्याच्या मुख्य शृंखलेतच ३७ कार्बन अणू आहेत. इतका जड रेणू सहजासहजी हवेत मिसळत नाही. नर अगदी निकट आला, किंवा त्याने स्पर्श केला, तरच तो मीलनास प्रवृत्त होतो. हे द्रव्य मादीची ओळख पटविते. नरास दुरून बोलावणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे.

या भेदाचे व्यावहारिक मोल मोठे होते. बोंडअळीसारखा सापळा येथे निरुपयोगी ठरत असल्यामुळे झिम्बाब्वेमध्ये ग्लिन व्हेल व त्यांचे सहकारी यांनी बैलाच्या वासाचा आधार घेतला. त्या वासातील ॲसिटोन व ऑक्टेनॉल ही द्रव्ये कीटकनाशक लावलेल्या कापडी पडद्यांजवळ ठेवण्यात आली. नर व मादी दोघेही रक्तपिपासू असल्याने दोघेही तेथे येत. येथे गंध होता, काम नव्हता. १९७८ च्या द्रव्यात काम होता, गंध नव्हता.

२०२३ साली येल विद्यापीठातील इब्राहिम, जॉन कार्लसन (हे तिसरे) प्रभृतींनी त्याच जातीच्या माशीत मेथिल पामिटोलिएट हे हवेत मिसळणारे द्रव्य दाखवून दिले. नर त्याकडे ओढले जातात, तेथेच थबकतात व मीलनाचा प्रयत्न करतात. या द्रव्यास ‘कामगंध’ म्हणण्यास हरकत नाही. १९७८ च्या द्रव्यास मात्र ‘स्पर्शसंकेत’ असे काही निराळे नाव मराठीत द्यावे लागेल.