अक्षरांसाठी आगाऊ जागा

संगणकाच्या स्मृतीत मोठ्या मजकुरासाठी, म्हणजे प्रोग्रामर ज्याला स्ट्रिंग म्हणतात तिच्यासाठी, आगाऊ जागा राखून ठेवण्याचा रिवाज आज निव्वळ वेगाचा प्रश्न समजला जातो; पण आरंभी तो सक्तीचा मामला होता. 1959 साली आलेल्या आयबीएम 1401 या यंत्राची सर्वांत लहान आवृत्ती अवघी 1,400 अक्षरे सामावून घेई, आणि त्याला मजकूर पुरवणाऱ्या छिद्रांकित कार्डावर 80 रकाने असत. तेव्हा कोणत्या नोंदीला किती घरे द्यावयाची, हे काम सुरू होण्यापूर्वीच मुक्रर करणे भाग होते. पुढच्याच वर्षी अवतरलेल्या कोबोलने ही शिस्त भाषेच्या व्याकरणातच गोवली. खातेदाराच्या नावासाठी 30 घरे जाहीर केली, की आखूड नावापुढची घरे कोरी राहत आणि लांब नावाची उजवीकडची अक्षरे छाटली जात. खातेदाराची संमती अर्थातच कोणी विचारीत नसे.

याच सुमारास, 1962 मध्ये, बेल प्रयोगशाळेत फार्बर, ग्रिसवोल्ड आणि पोलोन्स्की यांनी रचलेल्या स्नोबोलने जागेची सारी तजवीज यंत्रावर सोपवून प्रोग्रामरला या चिंतेतून मुक्त केले. परंतु त्याच प्रयोगशाळेत दहा वर्षांनी डेनिस रिची यांनी घडवलेल्या सी भाषेने ती जबाबदारी पुन्हा माणसाच्या गळ्यात घातली, आणि तीही पहाऱ्यावाचून: कोबोल निदान छाटत तरी असे, सी मात्र हद्द ओलांडून शेजारच्या जागेत खुशाल लिहू देई. 1988 च्या नोव्हेंबरात मॉरिसचा वर्म म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, यंत्रायंत्रांत आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने 512 बाइटांच्या राखीव जागेत 536 बाइट घुसवून परक्या यंत्रांचा ताबा घेतला. चोवीस बाइटांच्या अतिक्रमणाने केवढा अनर्थ!

1996 मधील जावाने हा धोका निवारला, पण खर्च वाढवला. तिच्यातील स्ट्रिंग एकदा निर्माण झाली की अपरिवर्तनीय. त्यामुळे एकेक अक्षर जोडीत दहा लाखांचा मजकूर रचू पाहणारा, प्रत्येक वेळी मागचे सारे पुन्हा उतरवीत, सुमारे 50 हजार कोटी अक्षरांची नक्कल करून बसतो. त्यावरचा उपाय स्ट्रिंगबफर हा होता: आरंभी 16 अक्षरांची जागा, आणि ती भरताच मजकुराचे दुपटीहून दोन अधिक घरांच्या नव्या जागेत स्थलांतर, म्हणजे 34, मग 70, मग 142. या हिशेबाने दहा लाखांचा पल्ला सोळा स्थलांतरांत गाठला जातो आणि नकलेचा खर्च बारा लाखांच्या आतच राहतो. बदल्यात शेवटी पावणेदोन लाखांहून अधिक जागा फाजील पडून राहते. हे दोन्ही टाळावयाचे तर अपेक्षित आकडा आधीच कळवण्याची मुभा आहे. सी++ मधील रिझर्व्ह आणि 2018 साली गो भाषेत आलेल्या बिल्डरमधील ग्रो यांचे प्रयोजनही तेच. फरक इतकाच, की कोबोलमध्ये अंदाज चुकला तर नाव छाटले जाई. येथे चुकला, तर यंत्र निमूटपणे आणखी एक स्थलांतर करते.